बों दीअ

श्रोतेहो, नमस्कार.

दुपारचे सव्वाबारा वाजले आहेत. कुणाच्या घरी कुकरची शेवटची शिट्टी व्हायची असेल, कुणाचं जेवण उरकलंही असेल. आणि अशा भलत्या वेळी मी तुमच्याशी सकाळबद्दल बोलणार आहे. पोर्तुगीज बोलणारी माणसं सकाळी एकमेकांना काय म्हणतात, त्याबद्दल. वेळ चुकली असं तुम्हाला वाटेल. ती चुकलेली नाही. का, ते ओघात येईलच.

माझ्या यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं लिस्बनला होतो. जाण्याआधी मी वर्षभर भाषा शिकले होते. क्रियापदं पाठ होती, वाक्यं पाठ होती. पोहोचल्यावर पहिल्याच सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले आणि घोकलेलं वाक्य म्हटलं, ‘दोन पाव द्या, कृपा करून.’ ‘कृपा करून’सुद्धा विसरले नव्हते. काउंटरमागच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, फडक्याला हात पुसले आणि म्हणाल्या, ‘बों दीअ.’ आणि थांबल्या. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही. मी तेच वाक्य जरा मोठ्यानं म्हटलं. त्या पुन्हा म्हणाल्या, ‘बों दीअ.’ आवाजात राग नव्हता, चेहरा शांत होता, पण हात पावाकडे जात नव्हता. मागे चार माणसं उभी. माझे कान तापले. आणि मग एकदम लक्षात आलं. मी म्हटलं, ‘बों दीअ.’ पुढच्या क्षणाला पाव पिशवीत पडले.

त्या दिवशी घरी येऊन मी बराच वेळ विचार करत बसले. मी उद्धट बोलले होते का? शब्द तर सगळे नम्र होते. मग चुकलं कुठे?

पुस्तकांत ‘बों दीअ’चा अर्थ ‘सुप्रभात’ असा देतात. माझं स्पष्ट मत आहे की हा अर्थ शिकणाऱ्याला फसवतो. सुप्रभात आपण कुणाला म्हणतो? शाळेच्या फळ्यावर लिहितो, मोबाइलवर गुलाबाच्या फुलासोबत पाठवतो. पण जिन्यात भेटलेल्या शेजारणीला ‘सुप्रभात’ म्हणून बघा, ती दचकेल. तिला आपण म्हणतो, ‘काय वहिनी, झाला का चहा?’ गावात म्हणतो, ‘राम राम पाव्हणं.’ आणि वाण्याच्या दुकानात तर तेही नाही. तिथे म्हणतो, ‘काका, अर्धा किलो साखर द्या.’

आता यातला ‘काका’ नीट ऐका. तो वाणी आपला कुणीही लागत नाही. पण त्या एका शब्दानं आपण त्याला सांगतो की तू मला दिसलास, तू नुसता तराजू नाहीस. वाक्यातून ‘काका’ काढा. उरतं काय? ‘अर्धा किलो साखर द्या.’ हुकूम उरतो. मी त्या बेकरीत हेच केलं होतं. पोर्तुगीजमध्ये दुकानदाराला काका, मावशी, दादा म्हणत नाहीत. आपल्याकडे जे काम ‘काका’ करतो, ते तिथे ‘बों दीअ’ करतं. म्हणून ते आधी यायला हवं. साखरेच्या आधी, पावाच्या आधी, ‘अमुक रस्ता कुठे आहे हो’ याच्याही आधी.

एकदा हे कळलं की ते सगळीकडे ऐकू येऊ लागतं. लिफ्टमध्ये शिरणारा अनोळखी माणूस आतल्यांना ‘बों दीअ’ म्हणतो. बसमध्ये चढणाऱ्या आजी चालकाला म्हणतात. डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर दहाजण बसलेले असतात, अकरावा आत येतो आणि कुणा एकाकडे न बघता खोलीलाच ‘बों दीअ’ म्हणतो. दहाजण पुटपुटत उत्तर देतात. ईमेलसुद्धा ‘बों दीअ’नं सुरू होतो, त्याखाली कामाचा मजकूर.

आता उच्चार. इथे मराठी माणसाला चिंता करण्याचं कारण नाही, उलट आपण इंग्रजांपेक्षा पुढे आहोत. लिहिताना पहिल्या शब्दाच्या शेवटी ‘म’ असतो, पण ओठ मिटायचे नाहीत. ‘बोम’ नाही, ‘बों’. स्वर नाकात सोडून द्यायचा. माझं माहेर सावंतवाडीचं. आमच्याकडे रोज दहा वेळा ‘खंय चललंस?’ होतं. त्या ‘खंय’ला नाकात जे होतं, तेच इथे. ‘बों दीअ’च्या पाठोपाठ येणारा प्रश्न तर आमच्या मालवणीला अगदीच जवळचा. ‘तूदु बंय?’ म्हणजे सगळं बरं ना? लिस्बनचा ‘बंय’ आमच्या ‘खंय’शी यमक जुळवतो. त्याला उत्तरही तेच, फक्त प्रश्नाचा सूर काढून. ‘तूदु बंय.’ खरोखरच सगळं कसं आहे याचा पाढा तिथे वाचायचा नसतो. आणि ‘दीअ’मधला द आपल्या दिव्यातला, दारातला द. दाताला जीभ लावून. इंग्रजीवरून जाणारे ‘डीया’ म्हणतात, ते ऐकवत नाही.

पण हेच वाक्य घेऊन तुम्ही रिओला किंवा साओ पाउलोला उतरलात, तर लोक म्हणतील, ‘बों जीअ.’ ब्राझीलच्या बऱ्याच भागांत ‘दी’चा ‘जी’ होतो, जिवातला ज. ईशान्येकडे रेसीफेच्या बाजूला मात्र पुन्हा ‘दी’ ऐकू येतो. पोर्तुगालची लोकवस्ती साधारण १ कोटी, ब्राझीलची २० कोटींच्या वर. त्यामुळे जगात रोज सकाळी ‘बों दीअ’पेक्षा ‘बों जीअ’च अधिक वेळा म्हटलं जात असणार. दोन्ही बरोबर. पुण्याची मराठी बरोबर की नागपूरची, असं विचारण्यासारखं आहे ते.

व्याकरणाची एकच गोष्ट सांगते, कारण ती मला इतकी आवडते की न सांगता राहवत नाही. ‘बों’ म्हणजे चांगला, त्याचं स्त्रीलिंगी रूप ‘बोआ’, आणि ‘दीअ’ म्हणजे दिवस. शब्द ‘आ’कारान्त लिहिला जातो, त्यामुळे शिकणारे त्याला स्त्रीलिंगी समजून ‘बोआ दीअ’ म्हणतात आणि चुकतात. तो पुल्लिंगी आहे. दुपारसाठी ‘बोआ तार्द’, रात्रीसाठी ‘बोआ नोइत’, हे दोन्ही स्त्रीलिंगी. आता मराठीत म्हणा. चांगला दिवस. चांगली दुपार. चांगली रात्र. लिंगं जशीच्या तशी! इंग्रज विद्यार्थ्याला जे घोकावं लागतं ते आपल्या जिभेवर आधीच बसलेलं आहे. आणि ‘नोइत’ म्हणजे रात्र, तिचं नातं लॅटिनमधून थेट आपल्या ‘नक्त’ शब्दाशी आहे, त्याचाही अर्थ रात्रच. नक्ताचा उपास करणाऱ्या आमच्या आजीला हे सांगता आलं असतं तर फार बरं वाटलं असतं.

असाच दुसरा आनंद मला कॉफीच्या दुकानात मिळाला. लिस्बनमध्ये लहान कपातल्या कडक कॉफीला ‘बीक’ म्हणतात. ती मागताना लोक ‘मला बीक हवी’ असं म्हणत नाहीत. म्हणतात, ‘केरीअ उम बीक’, म्हणजे ‘एक बीक हवी होती.’ भूतकाळ! माझ्यासोबत शिकणारी एक जर्मन मुलगी या भूतकाळानं हैराण झाली होती. हवी आत्ता आहे, मग ‘होती’ कशाला? मला मात्र काही समजावून घ्यावंच लागलं नाही. आपण काय म्हणतो? ‘दोन मीटर कापड हवं होतं.’ ‘साहेब, जरा बोलायचं होतं.’ मागणं थोडं मागे सरकवलं की ते मऊ होतं, हे आपल्यालाही ठाऊक आहे आणि त्यांनाही. तिथले जुने वेटर यावर एक ठरलेला विनोद करतात, ‘हवी होती? म्हणजे आता नको का?’ पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, हा विनोद मराठीतून आलाय.

तर सकाळच्या कॉफीचं पूर्ण वाक्य झालं, ‘बों दीअ, केरीअ उम बीक, स फाश फवोर.’ शेवटचे तीन शब्द म्हणजे ‘कृपा करून’. आणि कप हातात आला की पुरुषानं ‘ओब्रिगादु’ म्हणायचं, बाईनं ‘ओब्रिगाद’, शेवटी पुसटसा अ. समोर कोण आहे ते बघायचं नाही, बोलणारं कोण आहे ते बघायचं. ‘मी आभारी झालो’, ‘मी आभारी झाले’ म्हणतो तसं.

कुणाला कसं संबोधायचं हा विषय नाजूक आहे. पोर्तुगालमध्ये ‘तू’ म्हणजे आपलं तूच. पण ‘तुम्ही’ म्हणायला ‘वोसे’ वापराल तर पंचाईत होईल. ब्राझीलमध्ये तो रोजचा शब्द, पोर्तुगालमध्ये वयस्कर माणसाला तो टोचतो. मग करायचं काय? समोरच्याबद्दलच तिसऱ्या माणसासारखं बोलायचं. समोर मारियाबाई उभ्या असताना त्यांनाच विचारायचं, ‘दोना मारिया बऱ्या आहेत ना?’ ऐकायला विचित्र वाटेल, पण आपणही भेटलेल्या माणसालाच ‘काय म्हणतायत आमचे देशपांडे?’ असं विचारतोच की. आपल्या या प्रश्नात जी ऊब आहे, तीच त्यांच्या प्रश्नात आहे.

ब्राझीलमधल्या लोकांकडून ऐकलेला एक प्रश्न मात्र मला सगळ्यांत सुंदर वाटतो. ते सकाळी विचारतात, ‘कोमु अमान्येसेउ?’ यातलं क्रियापद उजाडण्याचं आहे. म्हणजे, ‘कसे उजाडलात?’ सूर्य उजाडतो तसा माणूसही रोज उजाडतो. मराठीत हे क्रियापद माणसाला लावतो ते उशिरा उठणाऱ्याला टोमणा मारायला, ‘उजाडलं का महाराजांना?’ त्यांच्याकडे त्याच क्रियापदात काळजी आहे. रात्र नीट गेली ना, आजार वाढला नाही ना, असं सगळं त्या एका शब्दात. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या कुणाहीकडून तो ऐकावा. तिकडच्या गावाकडे लेकरं सकाळी उठल्यावर आजीसमोर जाऊन ‘बेंसा, व्हो’ म्हणतात, ‘आजी, आशीर्वाद.’ आजी म्हणते, ‘देऊश ती अबेंसोई’, देव तुझं भलं करो. आपल्याकडे वाकून नमस्कार आणि ‘सुखी राहा’. वेगळं काही नाही.

आणि देवाचा विषय निघाला म्हणून गोव्याकडे येते. म्हापशाला आमच्या नात्यातलं एक घर आहे, त्यांच्या शेजारी एक वृद्ध ख्रिस्ती बाई राहायच्या. लहानपणी सुट्टीत गेलो की सकाळी पोदेर यायचा. पोदेर म्हणजे पाववाला, पोर्तुगीज ‘पादेयरु’चं कोंकणी रूप. सायकल, मागे मोठी टोपली, आणि रबरी भोंग्याचा पों पों आवाज. त्या बाई फाटकाशी येत आणि त्याला म्हणत, ‘देव बरो दीस दिवूं.’ देव चांगला दिवस देवो. तोही तेच म्हणे, मग पावाचा हिशेब. तेव्हा मला ते नुसतं छान वाटायचं. लिस्बनच्या त्या बेकरीनंतर कळलं की मी लहानपणापासून ‘बों दीअ’च ऐकत होते. जुन्या पोर्तुगीज बोलण्यातही देवानं चांगले दिवस द्यावेत असं पूर्ण वाक्य होतं, झिजून झिजून त्याचे दोन शब्द उरले. कोंकणीनं देव ठेवला. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज सत्ता गेली, पण फाटकावरचं ते वाक्य राहिलं, आणि पाव हा शब्दही. तो तर आपण महाराष्ट्रात वडा घालून खातो.

रायगड जिल्ह्यात रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई गाव लागतं. तिथली ख्रिस्ती कुटुंबं अजून घरात पोर्तुगीजपासून घडलेली बोली बोलतात. तिला ती ‘नो लिंग’ म्हणतात, आमची भाषा. पोर्तुगीज तिथून १७४० मध्ये गेले. भाषा मागे राहिली, आणि आजूबाजूच्या मराठीनं तिला आपलं वळण लावलं. क्रियापद वाक्याच्या शेवटी जाऊन बसलं, आपल्यासारखं. अलिबागला फिरायला जाणारे हजारो लोक कोर्लईचा किल्ला बघून परततात. पायथ्याच्या गावात थोडं थांबावं, कान द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

आता सुरुवातीला दिलेला शब्द पाळते. सकाळ संपते कधी? पुस्तक म्हणतं बारा वाजता. पण पोर्तुगीज माणसाचं घड्याळ पोटात असतं. दुपारी एकला कुणी ‘बों दीअ’ म्हणालं आणि समोरच्यानं घड्याळाकडे बघून ‘बोआ तार्द’ असं सुधारलं, तर पहिला शांतपणे सांगतो, ‘अइंद नांव अल्मुसेय.’ अजून जेवलो नाही. जेवण होईपर्यंत सकाळच. आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे आजोबा मला पावणेदोनलासुद्धा ‘बों दीअ’ म्हणत, आणि मी समजून जाई की आजींची मासळी अजून चुलीवर आहे.

तर आता एकदा मोठ्यानं म्हणा, घरात कुणी हसलं तरी चालेल. ओठ न मिटता ‘बों’. दाताला जीभ लावून ‘दीअ’.

इथे स्टुडिओतल्या घड्याळात साडेबारा होत आले आहेत. माझा डबा पिशवीत तसाच आहे. तेव्हा श्रोतेहो, बों दीअ.