कमोडोर ६४: गेमच्या खोक्यातला सिंथेसायझर

[दृश्य: टेबलावर कमोडोर ६४. मागच्या खाचेत काड्रिज, तिच्यातून निघालेली मिडी केबल पियानोसारख्या की-बोर्डाकडे.]

हा कमोडोर ६४. १९८२ साली अमेरिकेत ५९५ डॉलरला बाजारात आलेला घरगुती कॉम्प्युटर. प्रोसेसर जेमतेम १ मेगाहर्ट्झचा. आईबापांनी तो अभ्यासासाठी घेऊन दिला आणि पोरांनी त्यावर गेम खेळले, हे वेगळं सांगायला नको! आपल्याला त्यातली एकच चिप बघायचीय, आवाजाची. पियानोसारख्या की-बोर्डावरून ती वाजवायची तर प्रोग्रॅमला काय काय करावं लागतं, ते बघू.

[दृश्य: उघडलेला बोर्ड, चिपवरचा ६५८१ हा आकडा.]

हिचं नाव सिड. मॉस टेक्नॉलॉजीतल्या बॉब यानेस या इंजिनिअरने ती आखली. तेव्हाच्या कॉम्प्युटरमधल्या आवाजाच्या चिप संगीत न कळणाऱ्यांनी बनवल्यात, असं त्यांचं मत. म्हणून त्यांनी चिपमध्ये सिंथेसायझरच बसवायला घेतला. वेळ कमी पडला, तेव्हा एक ऑसिलेटर (सूर निर्माण करणारा भाग) नीट जमवला आणि तोच तीनदा घातला. तीन आवाज (म्हणजे एका वेळी तीन सूर), चार प्रकारच्या लहरी, आणि आवाजाचा काही भाग गाळून त्याचा पोत बदलणारा एक फिल्टर. शिवाय प्रत्येक आवाजाला स्वतंत्र एन्व्हलप. म्हणजे सूर किती झटक्यात चढणार, कुठे टिकणार आणि बोट उचलल्यावर किती वेळ विरत राहणार, हे ठरवायची सोय. तबल्याची थाप आणि पेटीचा सूर कानाला वेगळे लागतात, त्यात याचा मोठा वाटा.

मिडी म्हणजे कोणता सूर वाजला हे वाद्यांनी एकमेकांना आणि कॉम्प्युटरला कळवायची ठरलेली पद्धत. ते आलं १९८३ मध्ये, कमोडोरनंतर. त्यामुळे ते जोडायला या मशीनला जागाच नाही. ते काम मागच्या खाचेत खोचलेली काड्रिज, म्हणजे जोडणीची डबी, करते. कळ दाबली की तीन बाइट येतात: सूर सुरू, कोणता सूर, किती जोरात. तिन्ही पोचायला मिळून साधारण एक मिलिसेकंद.

[पडद्यावर: पोक ५४२७२, ६९ : पोक ५४२७३, २९]

समजा पांढरी सहा दाबली. ४४० हर्ट्झ. मिडीत तिचा नंबर ६९. सिडला मात्र ७४९३ हा आकडा द्यावा लागतो, आणि तोही ‘पोक’ या आकडा लिहिणाऱ्या आज्ञेने, दोन तुकड्यांत: वरचा २९, खालचा ६९ (२९ × २५६ + ६९). (दोन्हीकडे ६९ आला हा निव्वळ योगायोग.) हा हिशोब युरोपातल्या मशीनचा. अमेरिकन मशीनचं घड्याळ किंचित जलद चालतं. तिथे हेच आकडे दिले तर सूर अर्धस्वराच्या जवळजवळ दोनतृतीयांशाने चढा लागतो. म्हणून प्रोग्रॅममध्ये दोन तक्ते ठेवावे लागतात.

इथवर सगळं सोपं आहे. खरी गोम एन्व्हलपमध्ये.

सिडमध्ये एक जुना दोष आहे. आधीचा सूर सावकाश विरत असताना त्याच आवाजावर झटक्यात चढणारा नवा सूर सुरू केला, तर आतला मोजणी करणारा काउंटर कधीकधी थांबायचा आकडा ओलांडून पुढे जातो. मग पूर्ण फेरी मारून येईपर्यंत सूर उमटतच नाही. उशीर ३३ मिलिसेकंदांपर्यंत. वाजवणाऱ्याला तो बोटांत जाणवतो.

गेमचं संगीत करणाऱ्यांनी यावर तोड काढली होती. पुढचा सूर यायच्या क्षणभर आधी आवाज शून्यावर आणायचा. त्यांना ते जमायचं, कारण पुढचा सूर कोणता आणि कधी, हे आधीच लिहिलेलं असायचं. इथे समोर माणूस बसलाय. तो कुठली कळ कधी दाबणार, हे प्रोग्रॅमला कसं कळावं?

मग उलटी युक्ती करायची. वाजून मोकळा झालेला आवाज लगेच शून्यावर आणून तयार ठेवायचा आणि नवी कळ त्याला द्यायची. तीन आवाज असे आळीपाळीने फिरवायचे. दोन बोटांनी वाजवलंत तर झकास चालतं. तिन्ही अडकले आणि चौथी कळ आली, की कुणाचा तरी आवाज हिसकावून घ्यावा लागतो, आणि तिथे तो उशीर पुन्हा डोकं वर काढतो.

[दृश्य: एकच कळ, आधी हळू, मग जोरात.]

जोरात आणि हळू हाही तिढाच. सिडमध्ये प्रत्येक आवाजाला वेगळा व्हॉल्यूम नाही. तिघांचा मिळून एकच. म्हणून कळेचा जोर एन्व्हलपच्या टिकण्याच्या पातळीत घालतात. मिडी १२७ पायऱ्या पाठवतं, सिडकडे आहेत १६. नाजूक वाजवणाऱ्याने फार अपेक्षा धरू नये.

आणि फिल्टर! ६५८१मध्ये तो प्रत्येक चिपला वेगळा लागतो, इतका की एका मशीनवर जमवलेला घुमारा दुसऱ्यावर बसका वाटतो. नंतरच्या ८५८० चिपमध्ये हा फरक बराच कमी झाला, पण तिला ९ व्होल्ट लागतात आणि जुनीला १२. बदलाबदली करताना हे विसरलात तर चिप जळू शकते. तेव्हा आपल्या मशीनच्या फिल्टरचे आकडे आपणच कानाने ऐकून ठरवायचे आणि प्रोग्रॅममध्ये घालायचे.