रोमान्स : एका बोलीचं नाव

श्रोतेहो, नमस्कार.

'रोमान्स' म्हटलं की मनात काय येतं, ते मी सांगायला नको. पण हा शब्द जन्मला तेव्हा प्रेमाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. ते एका बोलीचं नाव होतं.

मूळ लॅटिन शब्द 'रोमानिके', म्हणजे रोमन रीतीनं. चर्चमध्ये, पोथ्यांत शुद्ध लॅटिन. शेतात, बाजारात मात्र तिचंच बदलत गेलेलं रूप, म्हणजेच 'रोमान्स'. पंडित त्याला गावठी म्हणत. पण ८१३ साली फ्रान्समधल्या तूरच्या धर्मसभेला बिशपांना सांगावंच लागलं, की प्रवचनं लोकांना कळतील अशा बोलीत करा.

पुढे ८४२ साल, स्ट्रासबुर्ग. सम्राट शार्लमेनचे दोन नातू, लुई आणि चार्ल्स, थोरल्या भावाविरुद्ध एक झाले. लुई जर्मन बोलणारा, पण चार्ल्सच्या सैनिकांना समजावं म्हणून त्यानं त्यांच्या बोलीत शपथ घेतली. तिचे शब्द आजही वाचायला मिळतात. सुरुवात अशी : 'प्रो देओ आमुर', देवाच्या प्रेमाखातर. तारीख होती १४ फेब्रुवारी! हा निव्वळ योगायोग, पण मला फार गोड वाटतो.

बाराव्या शतकात क्रेतियाँ द त्र्वा या कवीनं याच लोकभाषेत राजा आर्थरचा सरदार लान्सलॉट आणि आर्थरची राणी ग्विनेव्हिअर यांची कथा रचली. अशा कथांनाच लोक भाषेचं नाव देऊ लागले. त्यांत लढाया होत्या, जादू होती आणि प्रेमही होतं. इंग्रजीत काळाच्या ओघात प्रेम तेवढं वर राहिलं. फ्रेंच आणि जर्मनमध्ये 'रोमान' म्हणजे कादंबरी. रशियनमध्ये कादंबरीही आणि प्रेमप्रकरणही.

स्पॅनिशमध्ये 'रोमान्से' म्हणजे आठ-आठ अक्षरांच्या ओळींचा पोवाड्यासारखा काव्यप्रकार. तिथला एक वाक्प्रचार माझा विशेष लाडका : 'एन बुएन रोमान्से', चांगल्या रोमान्समध्ये. अर्थ काय? आपण म्हणतो ना, 'शुद्ध मराठीत सांगायचं तर', अगदी तेच! बाराशे वर्षांपूर्वीची ती लोकांची बोली या तीन शब्दांत अजून जिवंत आहे.

पोर्तुगीजमध्येही हा शब्द कादंबरीसाठीच. तेव्हा गोव्यात एखाद्या जुन्या पोर्तुगीज पुस्तकावर तो दिसला, तर आत प्रेमकथा असेलच असं नाही.

आणि आपला 'कादंबरी' हा शब्द? सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या कथेची ती नायिका. चंद्रापीडाला पाहिलं आणि ती त्याचीच झाली. त्या प्रेमात पडलेल्या मुलीचं नाव आपण अख्ख्या साहित्यप्रकाराला दिलं.