चाकं टेकल्यानंतर

(दृश्य: सकाळचे सहा. दंवानं ओली गवती धावपट्टी. हँगरचं पत्र्याचं दार करकरत सरकतं.)

उडी मारायच्या बेतात बेडूक बसतो ना, तसं हे विमान जमिनीवर बसतं. तोंड आभाळाकडे, बूड गवतात.

पायपर जे-3 कब. रंग पिवळाधमक. कारखान्यातून निघाली तेव्हा हिचं रिकामं वजन होतं साधारण 345 किलो, दोन बुलेट मोटरसायकलींपेक्षा कमीच. इंजिन 65 अश्वशक्तीचं. बॅटरी नाही, स्टार्टर नाही; पंखा हातानं फिरवून इंजिन सुरू करायचं. पेट्रोल किती उरलंय ते बघायला काचेसमोर, नाकावर, एक तार उभी असते. तारेच्या खालच्या टोकाला बूच, आणि ते टाकीत तरंगतं. तार खाली खाली जायला लागली की समजायचं, आता उतरायला हवं.

आणि उतरणं हीच तर भानगड आहे.

मी पेन्सिल्व्हेनियातल्या या धावपट्टीवर आले तेव्हा माझ्या लॉगबुकात दोनशे तास होते. सगळे सेस्ना 172 वरचे, म्हणजे नाकाखाली चाक असलेल्या विमानावरचे. लँडिंग आपल्याला येतं, असा माझा समज होता. पहिल्याच फेरीत तो गेला. मी कब टेकवली, ती उडाली. पुन्हा टेकवली, पुन्हा उडाली, आणि या वेळी जास्त उंच. तिसऱ्या उसळीला पुढच्या सीटवरून थ्रॉटल, म्हणजे इंजिनाला जोर देणारा दांडा, पुढे गेला आणि आम्ही परत हवेत.

थ्रॉटल ढकलणारा हात माझ्या शिक्षकांचा. सत्तरी ओलांडलेला माणूस, मी त्यांना मनातल्या मनात गुरुजी म्हणते. कबमध्ये शिकणारा मागे बसतो आणि शिकवणारा पुढे. एकट्यानं उडवायची तरी मागूनच, नाहीतर वजनाचा तोल बिघडतो. त्यामुळे शिकवणाऱ्याचा चेहरा दिसतच नाही, दिसते ती पाठ. ती पाठ एवढंच म्हणाली, "तिला अजून उडायचं होतं. उतरायची घाई तुला झाली होती."

(दृश्य: विमानाच्या पोटाखालून. पुढची दोन मोठी चाकं, लांब मागे शेपटीचं छोटं चाक.)

सगळा खेळ चाकाच्या जागेचा आहे. उसाची ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर डोळ्यांसमोर आणा. पुढे चालला असेल तर ट्रॉली शहाण्यासारखी मागून येते. रिव्हर्स घेतला की तीच ट्रॉली ऐकेनाशी होते. जरा वाकडी झाली की आणखी वाकडी होते, आणि वेळेत सावरली नाही तर ट्रॅक्टरलाच येऊन भिडते.

कब धावपट्टीवर कायम रिव्हर्समध्ये असते म्हणा ना. मोठी चाकं पुढे, आणि विमानाचं वजन जिथे एकवटतं तो बिंदू त्या चाकांच्या मागे. नाक थोडंसं डावीकडे वळलं तरी मागचं वजन आपलं सरळच जायला बघतं. शेपटी बाहेर फेकली जाते, वळण आणखी घट्ट होतं, आणि विमान स्वतःभोवती गिरकी घेतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. हळू चालताना झाला तर नुसती शोभा होते. वेगात झाला तर बाहेरच्या बाजूचा पंख जमीन खरवडतो, चाकाचा पाय मुडपतो आणि पुढचे कित्येक महिने विमान दुरुस्तीला जातं. सेस्ना 172 मध्ये तो बिंदू मुख्य चाकांच्या पुढे असतो. ती जराशी वाकडी टेकली तरी आपली आपण सरळ होते. दोनशे तास मी ज्याला माझं कौशल्य समजत होते, त्यातलं बरंचसं त्या नाकाखालच्या चाकाचं होतं.

माझ्या उसळ्यांचं मूळही इथेच. वेग अंगात असतानाच पुढची चाकं जमिनीला लागली, की मागचं वजन शेपटीला खाली ओढतं. शेपटी खाली म्हणजे नाक वर, नाक वर म्हणजे पंखांचा वाऱ्याशी कोन मोठा, आणि कोन मोठा म्हणजे जास्त उचल. आपल्याला वाटतं चाकांनी चेंडूसारखं उडवलं. खरं म्हणजे पंखांनी उचललेलं असतं.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. कारखान्यात ओळीनं उभ्या कब.)

या विमानाचं गाव इथून फार लांब नाही. सस्क्वेहॅना नदीच्या काठचं लॉक हेवन. 1937 साली ब्रॅडफर्डमधला कारखाना आगीत गेला, तेव्हा तेलाच्या धंद्यातून विमानांत शिरलेल्या विल्यम पायपरनं लॉक हेवनमधल्या बंद पडलेल्या रेशीम गिरणीत बस्तान हलवलं. पुढच्याच वर्षी जे-3 आली. 1947 पर्यंत जवळजवळ वीस हजार कब बनल्या. 1939 मध्ये अमेरिकन सरकारनं नागरिकांना उडायला शिकवायची मोठी योजना काढली, तिच्यात लाखो तरुण तयार झाले, आणि त्यातल्या कितीतरी जणांनी पहिली उसळी खाल्ली ती याच पिवळ्या विमानात. मला त्यांचा फार आधार वाटतो.

त्या काळी शेपटीवर बसणाऱ्या विमानाला 'टेलड्रॅगर' असा वेगळा शब्द वापरायची गरजच नव्हती, कारण बहुतेक विमानं अशीच होती. 1956 मध्ये सेस्नानं आपल्या 170 ला नाकाखाली चाक बसवून 172 बाजारात आणली आणि जाहिरातीत त्या चाकांना नाव दिलं 'लँड-ओ-मॅटिक'. जणू विमान आपोआपच उतरणार! तेव्हापासून वैमानिक बिघडले, असं जुनी मंडळी म्हणतात. मला नाही पटत. माणसं आणि विमानं वाचवणारं चाक चांगलंच. पण त्यामुळे जुनी विद्या वेगळी शिकायची वेळ आली, हे खरं. इतकी, की अमेरिकेत 15 एप्रिल 1991 पर्यंत ज्यानं असं विमान स्वतः उडवलं नव्हतं, त्याला आता शिक्षकाची लेखी सही लागते. किती तास शिकायचं, याचा आकडा नियमात नाही. शिक्षकाला पटेल तेव्हा सही.

(दृश्य: कॉकपिटमधून. समोर गुरुजींची टोपी आणि तिच्यापलीकडे नुसतं आकाश.)

आधी शिकायचं ते थ्री-पॉइंट लँडिंग. तिन्ही चाकं एकदम टेकवायची.

धावपट्टीच्या टोकाशी समांतर आलं की इंजिन मंद करायचं. फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांमागून खाली सोडायच्या झडपा, ही चीज कबला नाही. उंची जास्त झाली तर एका बाजूचा पंख खाली आणि रडर, म्हणजे पायांनी चालवायचं शेपटीचं सुकाणू, उलट्या बाजूला, असं विमान तिरकं करून घसरत खाली यायचं. वेग ताशी 60 मैल. पासष्ट नको. पाच मैलांनी काय होतं, असं मलाही वाटायचं. पण ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते. साठाऐवजी पासष्ट म्हणजे सतरा टक्के जास्त ऊर्जा. ती कुठेतरी खर्चावीच लागते. ज्याला वेळ आहे तो ती हवेत खर्च करतो, घाई झालेला जमिनीवर.

जमीन जवळ आली की विमान आडवं करायचं आणि, इथेच सगळी गोम आहे, त्याला उतरू द्यायचं नाही. ते खाली बसायला लागलं की स्टिक, म्हणजे विमान हाकायचा दांडा, किंचित मागे. पुन्हा बसायला लागलं, आणखी किंचित मागे. वेग उतरत जातो, नाक वर येत जातं, समोरचं काही दिसेनासं होतं. मग धावपट्टीचे दोन्ही काठ डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पकडायचे. दोन्हीकडे सारखं गवत दिसलं की आपण मधोमध. नजर नाकाशी गुंतली की उंचीचा अंदाज गेलाच.

गुरुजी या सगळ्यात दोनच शब्द बोलायचे. "अजून नाही." परत, "अजून नाही." मला हात सैल सोडून एकदाचं टेकवून मोकळं व्हायचं असायचं, आणि ते आपले, "अजून नाही."

कबमध्ये स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल सुटत असल्याचा इशारा देणारा, भोंगा नाही. पण उजव्या बाजूला दोन फळ्यांचं दार आहे आणि उन्हाळ्यात ते उघडं ठेवूनच उडतात. खालची फळी बाहेर लोंबत असते. पंखांची उचल संपत आली, म्हणजे ताशी 38 मैलांच्या आसपास, की ती फळी आपोआप तरंगत वर येते. चौथ्या दिवशी मला ती पहिल्यांदा दिसली. त्याआधीही ती वर येतच असणार. मला बघायला फुरसत नव्हती. फळी वर आली, स्टिक पोटाशी आली, आणि खालून गवताची सळसळ ऐकू आली. धक्का नाही. उसळी नाही. उडायला लागणारी उचलच संपलेली, तर विमान परत उडणार कशाच्या जोरावर?

मी खूश होऊन पाय सैल सोडले.

"पाय!" गुरुजी ओरडले. नाक उजवीकडे निघालंच होतं. डावा रडर, जास्त झाला, मग उजवा, मग पुन्हा डावा. दारू पिऊन घरी निघालेल्या माणसासारखे आम्ही गवतातून वळवळत थांबलो.

(दृश्य: रडरच्या पेडलवर बूट. डावा, उजवा, डावा. सतत बारीक हालचाल.)

टेकणं हे लँडिंगच्या मधलं एक ठिकाण आहे, शेवटचं नव्हे. हे कानांना समजायला एक मिनिट लागतं, पायांना आठवडा. चाकं टेकल्यावर वेग उतरतो तसा रडरवरचा वारा कमी होतो, रडर दुबळा होतो. शेपटीच्या चाकानं वळवायचं तर ते जमिनीला दाबून धरायला हवं, म्हणून स्टिक पोटाशी घट्ट. लहानपणी तळहातावर काठी उभी धरायचा खेळ आठवतो? काठी झुकल्याचं दिसल्यावर हात हलवला तर उशीर झालेला असतो. हात आधीपासूनच हलता ठेवावा लागतो. तसे हे पाय. मोठे दाब नकोत. थोडं दाबायचं आणि लगेच सोडायचं. सोडायला विसरलं की तोच दाब पुढच्या वाकडेपणाचं कारण होतो.

गवत बिचारं सांभाळून घेतं. चाक जरा आडवं टेकलं तरी ओल्या गवतावर घसरतं. डांबरावर तीच चूक रबर पकडून ठेवतं. म्हणून शिकायचं गवतावर, परीक्षा डांबरावर.

दुसरी रीत व्हील लँडिंगची. थोडा वेग ठेवून, विमान आडवं धरून, फक्त पुढची दोन चाकं टेकवायची. टेकता क्षणी स्टिक थोडी पुढे, म्हणजे पंखांचा कोन कमी होतो आणि विमान जमिनीला चिकटतं. सांगायला सोपं. जमिनीवर आदळू या भीतीनं दोनशे तास जी स्टिक मागे ओढली, ती नेमक्या त्या क्षणी पुढे द्यायची, हे हाताला पटतच नाही. उशिरा दिली तर उसळी. जोरात दिली तर पंखा जमिनीत. कुठली रीत चांगली, यावर हँगरमध्ये चहाच्या वेळी रोज वाद होतात आणि संपत नाहीत. माझं मत विचाराल तर मऊपणा थ्री-पॉइंटमध्ये लवकर सापडतो, आणि जोराच्या आडव्या वाऱ्यात व्हील लँडिंगनं समोरचं दिसतं तरी.

(दृश्य: जुहूच्या धावपट्टीचं जुनं छायाचित्र. मग एचटी-2.)

ही विद्या आपल्याकडे काही नवी नाही. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथ विमानही शेपटीवर बसणारंच. पावसाळ्यात जुहूचा चिखल व्हायचा, तेव्हा टपालाची ही विमानं पुण्याहून उडायची. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले आणि जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रान्टल यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी बंगळुरात एचटी-2 हे प्रशिक्षण विमान घडवलं. 1951 च्या ऑगस्टमध्ये ते पहिल्यांदा उडालं. त्यालाही शेपटीचं चाक. नंतर 1958 मध्ये पुष्पक आलं, 90 अश्वशक्तीचं, शेजारी शेजारी दोन सीट असलेलं, आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पोचलं. पुष्पकवर शिकलेल्या एखाद्या काकांना लँडिंगचं विचारून बघा. बोलता बोलता त्यांचे पाय टेबलाखाली हलायला लागतात की नाही, तेवढं बघा.

(दृश्य: वाऱ्याची दिशा दाखवणारा केशरी कापडी वातकोश, वाऱ्यानं भरलेला, धावपट्टीला आडवा.)

नवव्या दिवशी वारा डावीकडून आला. डावा पंख खाली, उजवा रडर, म्हणजे विमान वाऱ्यात रेलतं पण नाक सरळ राहतं. आधी डावं चाक टेकलं, मग शेपटी, मग उजवं चाक, आणि स्टिक मागे-डावीकडे तशीच दाबून. एकदाही "पाय!" ऐकू आलं नाही. माझ्या लक्षात आलं ते थांबल्यावर.

गुरुजी उतरले. पुढच्या सीटचा पट्टा त्यांनी स्वतःच बांधून ठेवला, लोंबत राहून स्टिकमध्ये अडकू नये म्हणून. लॉगबुकात सही केली. "तीन फेऱ्या मार," म्हणाले आणि गवतात जाऊन बसले.

समोर पाठ नसली की काच केवढी मोठी वाटते. विमान हलकं झालेलं, माझ्या अंदाजाआधीच वर उठलं. पहिली फेरी बरी झाली. दुसरीत मी घाई केली आणि एक उसळी खाल्ली. नाक तिथेच धरलं, थोडा थ्रॉटल दिला, वाट पाहिली, ती बसली. तिसऱ्या फेरीत दाराची फळी तरंगत वर आली.

अजून नाही, मी मोठ्यानं म्हणाले.

(दृश्य: कब हँगरकडे येते, नागमोडी, कारण समोरचं दिसत नाही. इंजिन बंद होतं. पंखा दोन झटके घेऊन थांबतो. कॅमेरा पेडलवर: बूट अजून हलताहेत.)