दात काढल्यानंतरचे खाणे

श्रोतेहो, दात काढला की जबड्याच्या हाडात एक खळगा उरतो आणि काही मिनिटांतच त्यात रक्त साकळून गुठळी तयार होते. आतले हाड आणि उघडी पडलेली मज्जातंतूंची टोके झाकण्याचे काम ती करते, आणि पुढे जखम भरून येते तीही तिच्याच आधाराने. गुडघ्यावरच्या जखमेची खपली निदान सुकून घट्ट बसते. तोंडातली ही गुठळी ओली आणि मऊच राहते, त्यामुळे पहिल्या एकदोन दिवसांत ती सहज निसटू शकते. पेशंट विचारतात, ‘डॉक्टर, काय खाऊ?’ माझ्या मते त्याआधी ‘कसे खाऊ?’ असे विचारायला हवे.

सर्वांत घातक म्हणजे चोखणे, कारण चोखताना तोंडात जी ओढ तयार होते ती गुठळीलाच खेचते. ‘स्ट्रॉ वापरू नका’ असे सांगितले की सगळे मान डोलावतात, आणि दवाखान्यातून बाहेर पडताच कोपऱ्यावरच्या गाडीवर शहाळे घेऊन नळी तोंडाला लावतात. शहाळ्याचे पाणी उत्तम, पण ते पेल्यात ओतून घ्यावे. शेवग्याची शेंग, चोखून खायचा रायवळ आंबा, मटणाची नळी, काडीवरची कुल्फी हे सारे आठवडाभर बाजूला ठेवावे; आमटीचा भुरकाही त्यातच आला. थुंकण्याचेही तसेच आहे. लाळ किंचित लालसर दिसली की माणूस घाबरून बेसिनपाशी धावतो, थुंकतो, खळखळून चूळ भरतो, आणि थांबत आलेले रक्त पुन्हा सुरू होते. ती लाळ गिळून टाकली तरी काही बिघडत नाही. पहिले 24 तास चूळ भरायचीच नाही. त्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते जेवणानंतर तोंडात धरावे, मान हळूहळू दोन्हीकडे कलती करावी आणि पाणी आपसूक बाहेर पडू द्यावे.

कापसाचा किंवा गॉजचा बोळा अर्धा-पाऊण तास दाताखाली घट्ट दाबून धरल्यावर काढायचा असतो, पण बोळा काढला म्हणजे लगेच जेवायला बसावे असे नाही. खालच्या दाढेसाठी दिलेल्या इंजेक्शनची बधिरता कधी कधी तीन-चार तास टिकते, आणि तेवढ्या वेळात आपण ओठ चावतो आहोत की घास, हे तोंडाला कळत नाही. लहान मुलांकडे तर विशेष लक्ष ठेवावे, कारण बधिर ओठ चावत बसण्याची त्यांना गंमत वाटते आणि दुसऱ्या दिवशी तो सुजून टम्म होतो. चहाही या काळात नको. बधिरता उतरल्यावर निववून घ्यावा. पहिल्या दिवशी सारे काही थंड किंवा कोमट असावे, कारण गरम पदार्थांनी रक्त पुन्हा वाहू लागते.

आता पदार्थांविषयी. ‘भाताने जखम चिघळते, दह्याने पू होतो’ हे आपल्याकडे इतक्या ठामपणे सांगितले जाते की काही घरांत पेशंटला दोन दिवस नुसत्या चहा-बिस्किटावर ठेवतात. पू होतो तो जंतूंमुळे. भाताचा त्यात काही दोष नाही. गुरगुट्या भात आणि साधे वरण, मेतकूट-तूप-भात, मुगाची पातळ खिचडी, नाचणीची पेज, दुधात कुस्करलेली पोळी, पिकलेले केळे, ताक, मऊ उकडलेले अंडे यांतले काहीही दुसऱ्या बाजूने चावून खावे. टाळायचे ते तिखट, कडक आणि बारीक कणांचे: चिवडा, शेव, भाकरीचा कडक पापुद्रा, शेंगदाणे, तीळ, राजगिरा. खळग्यात शीत अडकलेच तर काडीने टोकरू नये. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्याने ते निघते. उपासाच्या दिवशी दात काढून घेऊ नये असे मी सांगतो, आणि त्यात पंचांगाचा काही संबंध नाही. भगर, राजगिऱ्याचा लाडू, दाण्याचा कूट असे सगळे कणीदार पदार्थ नेमके त्याच दिवशी ताटात येतात आणि वेदनाशामक गोळीही रिकाम्या पोटी घेतली जाते. मधुमेही माणसाने तर उपाशी राहूच नये, कारण नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळले तर साखर धोकादायकपणे उतरते. नुसत्या जागेवर बधिर करून दात काढायचा असेल तर येतानाही खाऊनच यावे.

तंबाखू, मशेरी आणि विडी-सिगारेट यांविषयी मी घासाघीस करत नाही. किमान तीन दिवस पूर्ण बंद, आणि आठवडाभर जमले तर फारच चांगले.

साधारणपणे दुखणे दिवसेंदिवस उतरत जाते. ते तसे न उतरता दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास अचानक वाढले, कानापर्यंत ठणका जाऊ लागला आणि तोंडाला घाण वास येऊ लागला, तर बहुधा गुठळी निसटून खळगा कोरडा पडलेला असतो. खालच्या अक्कलदाढेनंतर हे अधिक घडते. अशा वेळी पुष्कळ जण खळग्यात लवंग किंवा चिमूटभर तंबाखू दाबून बसतात, त्याने आतली जागा आणखी भाजते. दवाखान्यात खळगा धुऊन औषधाची पट्टी आत ठेवली की ठणका बहुतेक वेळा त्याच दिवशी कमी होतो. तेव्हा पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता सरळ निघून यावे.