शोधनिबंधामागचे हात

(दृश्य : संगणकाचा पडदा. संदर्भसूचीतल्या ओळी हळूहळू वर सरकतायत.)

या यादीत साठ संदर्भ आहेत. एकात वर्ष चुकलंय. दुसऱ्यात लेखकाच्या नाव-आडनावाची अदलाबदल झालीये. तिसऱ्याचा दुवा उघडतच नाही. संपादिका एकेक ओळ मूळ निबंधाशी ताडून बघतायत. दिवसभर शिकवून झाल्यावर, रात्री. या कामाचा त्यांना मोबदला मिळत नाही. निबंध तपासून देणाऱ्या समीक्षकांनाही मिळत नाही.

हा निबंध उद्या प्रसिद्ध झाला की जगात कुणालाही तो मोफत वाचता येईल आणि लेखकालाही काही भरावं लागणार नाही. अशा जर्नलला, म्हणजे शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाला, ‘डायमंड ओपन अ‍ॅक्सेस’ म्हणतात. जगभरात अशी १७ हजार ते २९ हजार जर्नल्स असावीत, असा अंदाज २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला होता. यातली बरीचशी अशाच बिनपगारी रात्रींवर चालतात.

(दृश्य : जाहीरनाम्याचं पान.)

फेब्रुवारी २००२. बुडापेस्टचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. संशोधन वाचकाला मोफत मिळायला हवं, ही त्यातली मागणी सगळ्यांच्या लक्षात राहिली. पण ते तयार करायला खर्च येतो, हेही तिथेच स्पष्ट लिहिलं होतं. ते मात्र आपण विसरलो.

मग खर्च भागवायचा सोपा मार्ग निघाला : लेखकाकडून शुल्क घ्या. ‘नेचर’ या नामांकित विज्ञान-जर्नलने २०२१पासून निबंध खुला करण्यासाठी ९,५०० युरो आकारायला सुरुवात केली. सगळी जर्नल्स इतकं घेत नाहीत, काही सवलतही देतात. तरी ज्याच्याकडे संशोधन-अनुदानच नाही, त्याने दर वेळी सवलतीसाठी अर्ज करत बसायचं का? आधी वर्गणी न परवडणारा वाचक बाहेर उभा होता, आता लेखक उभा आहे. मला हे मान्य नाही.

दुसरे मार्ग आहेत आणि ते चालतातही. कणभौतिकीत सर्न या युरोपातल्या संशोधनसंस्थेच्या पुढाकाराने २०१४पासून ग्रंथालयांचा वर्गणीचाच पैसा एकत्र करून जर्नल्स खुली केली गेली. मानव्यविद्यांमध्ये ‘ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज’ या खुली जर्नल्स चालवणाऱ्या संस्थेला अनेक ग्रंथालयं दरवर्षी थोडा थोडा वाटा देतात. आणखी एक पद्धत मला फार आवडते. ग्रंथालयांनी नेहमीसारखी वर्गणी भरायची. पुरेशी जमली, तर त्या वर्षीचे अंक सगळ्यांसाठी खुले होतात. नाही जमली, तर वर्गणीदारांपुरतेच राहतात.

भीती एकच. ‘बाकीचे भरतायत ना, मग आपण कशाला?’ काटकसरीच्या वर्षी एखाद्या ग्रंथालयाने असं म्हटलं, की पुढचं ग्रंथालयही तेच म्हणतं.

(दृश्य : कोरं पान. ‘हे पान सापडले नाही.’)

पैसा आटला की जर्नल बंद पडल्याची बातमीसुद्धा होत नाही. प्राध्यापक निवृत्त होतात. संकेतस्थळाचं नूतनीकरण राहून जातं. जर्नल चालवायचं ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण ते अद्ययावत ठेवणारा माणूस फुकट कुठून आणायचा? २००० ते २०१९ या काळात १७४ खुली जर्नल्स इंटरनेटवरून नाहीशी झाल्याचं संशोधकांनी शोधून काढलंय. वेगवेगळ्या ग्रंथालयांत त्यांच्या प्रती जपून ठेवण्याची यंत्रणा तेव्हाही होती. ‘लॉक्स’ हा स्टॅनफर्डचा प्रकल्प त्यासाठीच उभा राहिला. पण तिथवर जर्नल पोचवायलाही कुणाचा तरी वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे कुठल्याच अंदाजपत्रकात नसतात.

(दृश्य : पुन्हा तोच पडदा.)

तिसऱ्या संदर्भाचा दुवा का उघडत नव्हता, ते आता कळलंय. तो निबंध ज्या खुल्या जर्नलमध्ये होता, ते जर्नलच आता नाही.

संपादिकांनी संदर्भसूची बाजूला ठेवलीये. त्या विद्यापीठाला पत्र लिहितायत. मागणी साधी आहे : एक अर्धवेळ सहायक आणि जतनाचा खर्च. एका वर्षाच्या प्रकल्पातून नको, दरवर्षीच्या अंदाजपत्रकातून.