सव्वाशे किलोमीटरवरचा समुद्र

वेंगुर्ल्याची पुळण. सकाळची वेळ. बोर्ड मांडीवर तिरका धरलाय, कागद पाण्यानं भिजवलाय. त्यावर आधी फिकट पिवळा, मग निळा. रंग आपसूक खाली ओघळतोय, आणि चित्रकार नुसता बोर्ड कलवतायत.

हे आमच्या बेळगावचे, शहापुरातले. शिनोळी, आंबोली, सावंतवाडी करत सव्वाशेच्या आसपास किलोमीटर आलं की हा किनारा लागतो. बेळगावकरांना ही वाट नवी नाही. रेल्वे येण्याआधी बेळगावचा माल याच बंदरात उतरायचा आणि बैलगाड्यांतून घाट चढायचा. चित्रकलेलाही ही वाट नवी नाही. के. बी. कुलकर्णींनी बेळगावात चित्रकार घडवले. रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. आणि जलरंगांवर हुकमत असलेले सा. ल. हळदणकर या वाटेवरच्या सावंतवाडीचे. फोटो समोर ठेवून चित्र करायचं नाही, जागेवर जाऊन बसायचं, हा पुळणीवर बसलेल्या आमच्या या चित्रकारांचा नेम आहे. तो आम्हाला फार मोलाचा वाटतो.

आता हात बघा. लाटेचा फेस रंगवलेला नाही. तिथं कागद कोरा सोडलाय. जलरंगात पांढरं आधीच राखून ठेवावं लागतं, एकदा गेलं की गेलं. बेळगावात उन्हाळ्यात वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, बघता बघता सुकतो. इथं खाऱ्या, दमट हवेत तो ओलाच राहतो. घाई केली तर होडीची कड आभाळात फुटते. म्हणून थांबायचं. तेवढ्यात पेन्सिलनं माणसं टिपायची.

माणसं म्हणजे हे रापणकर, रापण हे लांबलचक जाळं किनाऱ्यावरून ओढणारे मच्छीमार. होडी जाळं सोडत अर्धा वळसा घेऊन परत किनाऱ्याला लागली. आता दोन्ही टोकांचे दोर दोन बाजूंनी ओढले जातायत. पाठी मागं झुकलेल्या, टाचा वाळूत रुतलेल्या. बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरीत अल्ट्रामरीन निळा मिसळून केलेल्या एकाच करड्या रंगात ही सगळी रांग उतरते, ब्रशच्या आठ-दहा फटकाऱ्यांत. चेहरे नाहीत. कोण किती जोर लावतंय, ते पाठीवरून कळतं.

पर्ससीन, म्हणजे यांत्रिक बोटींची मोठी घेरजाळी, आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीमुळे रापणीला मासळी कमी मिळू लागलीय.

बंदर, दीपस्तंभ, डच वखारीच्या पडक्या भिंती, सगळं त्यांच्या वहीत आहे. पण इथं आलं की पहिला कागद रापणीचा. वखार नंतर.