गॅमा जोडताऱ्याचे क्ष-किरण: सापडले असं कधी म्हणायचं?

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या मध्यात रात्री साडेनऊच्या सुमारास बेळगावजवळ येळ्ळूरच्या राजहंसगडावर उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. शर्मिष्ठेच्या उजव्या हाताला, क्षितिज आणि डोक्यावरचा बिंदू यांच्या मध्यावर एलएस आय +६१ ३०३ नावाचा तारा असतो. प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तर तारा अंधुक) जवळपास ११, म्हणजे सहा इंची दुर्बिणीत दिसेल. दिसायला साधा ठिपका, पण तो जोडतारा आहे आणि दर २६.५ दिवसांनी त्याची एक फेरी पुरी होते. ताऱ्याचा स्वतःचा उजेड सोडला, तर अशा जोड्यांची सर्वाधिक ऊर्जा गॅमा किरणांत बाहेर पडते, म्हणून हे गॅमा जोडतारे. आजवर खात्रीने माहीत आहेत जेमतेम दहाएक.

यांचे क्ष-किरण गडावर काय, एव्हरेस्टवरही पोचत नाहीत, हवा ते वाटेतच शोषून घेते. त्यामुळे नवा गॅमा जोडतारा शोधायचं काम उपग्रहांच्या डेटावर. स्विफ्ट, एक्सएमएम-न्यूटन आणि आपला अ‍ॅस्ट्रोसॅट यांचा जुना डेटा फुकट उतरवता येतो. लिनक्स टाकलेला साधा लॅपटॉप चालतो.

क्ष-किरण कशाला हवेत? फर्मी उपग्रह गॅमा स्रोताची जागा काही आर्कमिनिटांपर्यंतच (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) सांगतो. म्हणजे ‘घर टिळकवाडीत आहे’ एवढाच पत्ता. स्विफ्टची क्ष-किरण दुर्बीण तीन-पाच आर्कसेकंदांवर (आर्कमिनिटाचाही साठावा भाग) आणते, म्हणजे थर्ड गेटजवळचं नेमकं घर. त्या जागी ओ किंवा बीई प्रकारचा तापलेला तारा असला, तर पुढे जायचं. (अ‍ॅस्ट्रोसॅटच्या एसएक्सटी या क्ष-किरण दुर्बिणीची प्रतिमा दोनेक आर्कमिनिटं पसरट असते. आकाशगंगेच्या गर्दीत पत्ता शोधायला ती घेऊ नका, वर्णपटाला घ्या.)

आता मोजणी. स्विफ्टच्या प्रतिमेत स्रोताभोवती २० पिक्सेल त्रिज्येचं वर्तुळ काढा, साधारण ४७ आर्कसेकंद. पार्श्वभूमीसाठी शेजारचा रिकामा, त्याहून मोठा तुकडा घ्या. समजा सेकंदाला ०.०३ फोटॉन (प्रकाशकण) येतायत. मग ५,००० सेकंदांत दीडशेच जमले की! एवढ्याशा शिधोरीवर ‘काय-स्क्वेअर’ ही नेहमीची संख्याशास्त्रीय कसोटी लावू नका, थोड्या फोटॉनांसाठी असलेली ‘सी-स्टॅट’ लावा.

पहिला खड्डा इथेच. दुर्बिणीतली सीसीडी, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, शेवटी कॅमेराच आहे. तारा फार तेजस्वी असला, तर त्याचा साधा प्रकाश जमून क्ष-किरणांचं सोंग घेतो. तापलेल्या ताऱ्याचा स्वतःचा वारासुद्धा (त्याच्यातून बाहेर फेकला जाणारा वायू) क्ष-किरण देतो, पण मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, बहुतेक एक-दोन केईव्हीच्या (ऊर्जेचं एकक) खालचे. दोन्हींवर उतारा एकच: फक्त २ ते १० केईव्हीची प्रतिमा काढा. ठिपका गायब झाला तर विषय संपला.

ठिपका टिकला, तर वर्णपटाला वाटेतल्या वायूचं शोषण धरून पॉवर-लॉ बसवा, म्हणजे ऊर्जा वाढते तसे फोटॉन किती वेगाने घटतात ते सांगणारं सूत्र; तो वेग म्हणजे घातांक. घातांक १.५ च्या आसपास आला की लोक पेढे वाटायला निघतात. थांबा. मागे दडलेली सक्रिय दीर्घिकाही (केंद्रातलं कृष्णविवर वायू गिळत असलेली) १.७ च्या आसपासचा घातांक देते, आणि दीडशे फोटॉनांत हा फरक मोजणीच्या अनिश्चिततेत बुडतो. क्ष-किरणांचा चढउतार कक्षेच्या तालावर होतो का, हा खरा पुरावा.

एमडब्ल्यूसी १४८ चं उदाहरण घ्या. गॅमा दुर्बिणींना तिथे स्रोत दिसला, एक्सएमएमने ताऱ्याच्या जागीच क्ष-किरण पकडले, तरी जोडी आहे हे ठरत नव्हतं. स्विफ्टने त्यावर वारंवार नजर ठेवली आणि २०११ मध्ये सुमारे ३२१ दिवसांचा आवर्तकाळ जाहीर झाला. पुढे तो ३१७ च्या आसपास स्थिरावला.

यात गोम अशी की हा तारा जूनच्या अखेरीस सूर्यापाशी असतो. साधारण मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत स्विफ्ट तिकडे वळतच नाही. वर्षभर निरीक्षण केलंत तरी कक्षेचा एक तुकडा कोराच. पण ३६५ वजा ३१७, म्हणजे ४८ दिवसांनी ती न दिसणारी फट कक्षेत दरवर्षी पुढे सरकते. फट तीन महिन्यांची, म्हणून दुसऱ्या वर्षीही थोडी उरते आणि तिसऱ्या वर्षी भरते. एका वर्षाच्या डेटावर आवर्तकाळ काढलात, तर ताऱ्याऐवजी सूर्याचंच वेळापत्रक हाती येण्याची भीती.

एलएस ५०३९ या दुसऱ्या गॅमा जोडताऱ्याचं उलटं. फेरी ३.९ दिवसांची, त्यामुळे आठवड्यातून एकदा बघून खोटेच ठोके दिसतील. तिथे दिवसातून दोनदा, सलग आठदहा दिवस बघावं लागतं.